एका बाजूला कललेला उजेड

तुझा आजा तेरियो जन्मभर दुसऱ्यांच्याच गिटारी रंगवत आला. आमच्या अबुनो गावात घरोघरी गिटारी बनवायचंच काम. कुणी लाकूड कापतो, कुणी तारा लावतो. तेरियोच्या वाटणीला आला होता उजेड. मधे पिवळा, मग लालसर, मग कडेला काळोख. संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून डोळे अर्धे मिटलेस की दिसतं ना, तस्सा. पिवळा कुठं संपला नि लाल कुठं लागला, ते तुला बोट ठेवून दाखवताच यायचं नाही. मी तर बघता बघता पेंगायची. पोराच्या पोटाला तेल चोळावं तसा त्याचा हात फिरायचा, गोल गोल, आणि लाकूड आतून उजळत जायचं.

मग एका सकाळी त्याचं उजवं अंग लुळं पडलं. वाचाही गेली. चटईवर भिंतीकडे तोंड करून जो पडला तो पडलाच. मक्याची पेज भरवायला गेले की ओठ मिटून घ्यायचा. शेजारची मानांग उर्सिंग, माझ्यापेक्षा मोठी म्हणून मानांग, तोंडाने फटकळ, पण त्या दिवशी हळूच म्हणाली, "मेलिंग, माझा म्हातारासुद्धा असाच भिंतीकडे वळला होता गं. आठवतंय ना?"

आठवत होतं. महिनाभरात गेला होता तो.

वर वाशाला एक गिटार टांगलेली होती. उरल्यासुरल्या तुकड्यांतून तेरियोने स्वतःसाठी जोडलेली, पाठ फणसाची, पोट पांढऱ्या लाकडाचं. रंग तेवढा द्यायचा राहिला होता. मला वाटलं, आपणच रंगवू. रंगलेली दिसली तर निदान मान तरी वळवेल माणूस.

केलं सगळं त्याच्यासारखंच. फणसाच्या लाकडाचा भुसा उकळून पिवळं पाणी काढलं. आपण माडीत टाकतो ना ती खाजणातल्या झाडाची लाल साल, ती भिजवली. माडीच्या शिरक्यात गंजलेले खिळे तर त्यानेच बरणीत बुडवून ठेवलेले होते. ते पाणी लाल सालीच्या रंगावरून फिरवलं की काळं होतं. घरभर आंबट वास सुटला. दुपारची भरती, वारा पडलेला, घराखाली कोंबड्यासुद्धा गप. मी अंगणात बसून चिंधी फिरवतेय आणि मला वाटतंय, जमतंय हं मेलिंग, जमतंय.

कसलं जमतंय! ऊन लागून पिवळा सुकून गेला, आणि वर लाल नि काळा लावला तो तिथंच थबकला. मधे पिवळा गोळा, भोवती ठसठशीत रेघ.

उर्सिंग सुकट उलटायला आली होती. तिने वाकून बघितलं. "अगं बाई, तळलेलं अंडं काढलंस की!"

"तूच काढ मग! आली मोठी!"

"मी कशाला? मी भात आणते, याच्याबरोबर खाऊ."

मला रडायलाही येत होतं नि हसायलाही. त्यात आतून आवाज आला. घशातून, कुत्रा गुरगुरतो तसा. दारातून बघते तर तेरियोची मान इकडे. डोळे हे एवढाले, नजर गिटारीवर. डावा हात चटईवर आपटत होता.

"बघ, अंड्याच्या वासाने उठला," उर्सिंग म्हणाली, पण डोळे पुसत होती.

त्याला खांबाला टेकवून बसवलं, गिटार माझ्या मांडीवर घेतली. त्याने, आपण दाखवतो ना तसं, ओठ पुढे काढून पाण्याची बादली दाखवली. चिंधी ओली करून डाव्या हातात दिली. आधी हात नुसताच घसरायचा. मग त्या रेघेवर हळूहळू फिरायला लागला, आणि रेघ विरघळायला लागली. एका हाताने धरणार कसं नि पुसणार कसं? म्हणून तो हनुवटी हलवायचा आणि मी गिटार फिरवायची. जरा. अजून जरा. जास्त फिरली की गुरगुरायचा. मधेच मला डुलकी लागली असेल, कारण मला वाटलं की आम्ही होडीत आहोत आणि मी नुसती वल्हं धरून बसलेय, होडी तोच नेतोय.

जाग आली तेव्हा सूर्य खाली उतरला होता आणि मांडीवर उजेड होता. पण मधोमध नव्हता. हात डावा, बसलेला कलून, म्हणून सगळा पिवळा एका बाजूला वाहत गेलेला आणि दुसऱ्या बाजूला काळोख दाट.

"वाकडा झाला गं," उर्सिंग कुजबुजली.

"असू दे," मी म्हटलं. "संध्याकाळी सूर्य मधोमध असतो होय?"

गिटार दारासमोरच्या दोरीला टांगून वाळत घातली. त्याला परत निजवलं आणि सवयीने भिंतीकडे वळवायला गेले, तर त्याने डाव्या हाताने खांब धरून ठेवला. सोडेचना. मग मीच चटई फिरवली, दाराकडे. पेजेची वाटी पुढे केली तर भरवू देईना. पिवळ्या-काळ्या बोटांनी स्वतःच खाल्ली, निम्मी छातीवर सांडत, नजर त्या दोरीवरच.