सतराव्या दिवशी ताई आल्या

मोरीतल्या ढिगातून एक वाटी आपोआप घरंगळते. खण्ण. मग पुन्हा सगळं गप्प. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्यात, बाळ दूध पिता पिता माझ्या कुशीत झोपलंय, सहा वर्षांची शरू पलीकडे पालथी. दुपारचे तीन वाजलेत. मी जागी आहे की नाही, मला सांगता येत नाही. डोळे मिटलेले आहेत आणि तरी मला मोरी दिसते. मोरीशी बसून माझी भांडी घासणारी बाईही दिसते.

वृषालीताई. निरंजनची पहिली बायको, शरूची आई. चार वर्षांपूर्वी पोटात दुखतंय म्हणून दुपारी दवाखान्यात गेल्या आणि संध्याकाळी गेल्याच. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. पण सवत ओळखायला तेवढं पुरतं.

आजचा स्वयंपाक त्यांच्याच नावाचा होता. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी पितृपंधरवड्यात, नवमीला, सवाष्ण जेवायला घालतात. आमच्याकडे दरवर्षी शेजारच्या देसाईकाकू असतात.

"राहू द्या ताई, मी घासते."

"तू नीज. पुरण पातळ झालं होतं."

मेलेल्या माणसानंही हे सांगावं? सकाळी सासूबाई काकूंना वाढताना म्हणाल्याच होत्या, "आमच्या वृषालीच्या पुरणात उलथनं उभं राहायचं हो. हिचंही बरं झालंय." ते 'बरं' मी दिवसभर दाढेखाली धरून आहे.

"वेलदोड्याच्या वासानं तीनदा मागच्या दारी पळालीस," ताई घासणी पिळत म्हणतात. "पुरण कसं आटेल? कितवा दिवस?"

मोरी लांबत जाते. दोन्ही बाजूंना बाकडी लागलेली, भिंतीवर हिरवा रंग, टोकाला पंख्याचा आवाज. तालुक्याच्या दवाखान्याचा व्हरांडा. ताई शेजारी बसल्यात, कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"सतरावा," मी म्हणते.

बाळ नऊ महिन्यांचं आहे. सिझेरियनच्या टाक्यांची जागा अजून ओढते. पुन्हा दिवस राहिले तेव्हा निरंजननं आणि मी मिळून ठरवलं, आत्ता नको. डॉक्टरबाईंनी आधी तपासलं, समोर बसवून एक गोळी दिली, आणखी चार गोळ्या दोन दिवसांनी घरी घ्यायला दिल्या. आणि बजावलं, "रक्त गेलं म्हणजे गर्भ गेला असं धरून चालायचं नाही. पंधराव्या दिवशी सोनोग्राफीला यायचंच." पंधरावा दिवस परवा होता. परवा मी डाळ निवडत बसले. निरंजनला म्हटलं, नवमी होऊ दे. खरं सांगू? यंदा मला ताईंच्या वरचढ करून दाखवायचं होतं.

"किती गेलं रक्त?"

"दीड दिवस. पाळीपेक्षाही कमी."

"मळमळ?"

"तशीच."

"छाती जड?"

"पाजते ना मी. जडच असते."

"हं. काडी बघितलीस?"

"दोन रेघा आल्या."

"त्यावरून काही कळत नाही. संपलं असलं तरी कित्येक आठवडे दोनच येतात."

"तुम्हाला बरं सगळं माहीत!"

"आता वेळच वेळ असतो," ताई म्हणतात आणि हात पुसतात. माझ्याच पदराला.

मी उताणी आहे. दवाखान्यातलं टेबल म्हणून आमचाच ओटा आहे, पाठीला गार लागतो. पायांशी पडदा, पडद्यावर काळंपांढरं काहीतरी हलतं, कदाचित शेगडीवरची वाफ. ताई माझ्या पोटाकडे हात नेतात आणि मी पदर गच्च धरते. या घरात प्रत्येक वस्तूला आधी यांचा हात लागलाय. कपाटाला, मसाल्याच्या डब्याला, निरंजनच्या झोपायच्या कुशीला. शरू मला मम्मी म्हणते, कारण 'आई' त्यांना देऊन झालंय.

"एवढं तरी माझं एकटीचं राहू द्या," मी म्हणते.

"कुठलं एकटीचं गं? मीही केलंय हे. शरू दोनची होती. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणल्या गोळ्या. कुणाला बोलले नाही, निरंजनलाही नाही. रक्त गेलं, म्हटलं सुटले. ओकाऱ्या थांबेनात, कूस दुखायची, तरी कानाडोळा केला. गर्भ पिशवीत नव्हताच. नळीत होता. ती फुटली."

मला आधी काय वाटलं ते लिहायला हात धजत नाही. दया नाही वाटली. हेसुद्धा माझ्याआधी, असं वाटलं. माझं एवढं एक गुपित, तेही यांचं वापरलेलं.

ताईंना ते तोंडावर दिसतं. त्या हसतात.

"अगं, मेले ना मी त्यात. यात तरी माझ्या पुढं जायला धावू नकोस."

मलाही हसू येतं. हसता हसता पदर सुटतो. त्या तळहात ओटीपोटावर ठेवतात. हातातल्या पिळाच्या बांगड्या कातडीत रुततात.

"आहे का अजून?" मी विचारते. "सांगा ना. नसेल तर सुटले. असेल तर..."

"हातानं कळत असतं तर आज मी शरूची वेणी घालत बसले असते. मशीनवर कळतं. ऊठ. उद्या नाही, आज."

एसटी उभी आहे, आमच्या मागच्या दाराला लागूनच. ताई पायरीवर एक पाय ठेवतात आणि वळतात. घरात, पलंगाकडे बघतात.

"प्राची, एक विचारायचं राहिलं..."

काय विचारायचंय ते मला कळतं. म्हणूनच मी घाईनं म्हणते, "उशीर होतोय, ताई. निघा तुम्ही."

आणि दार मीच लावून घेते.

डोळे उघडतात तेव्हा बाळाची मूठ माझ्या गळ्याशी आहे. मी हळूच कुशीवर वळते, परकराची नाडी सैल करून बघते. ओटीपोटावर दोन लालसर वळ आहेत, दोरीसारखा पीळ असलेले. माझ्या हातात काचेच्या बांगड्या आहेत, गुळगुळीत.

मी निरंजनला फोन लावते.

"सोनोग्राफी पाचपर्यंत असते. आत्ता ये."

"अगं, सकाळी नेतो ना. काय झालं?"

"रक्त फार कमी गेलं होतं. मी तुला नीट सांगितलंच नव्हतं. अजून मळमळतंय."

पलीकडे खुर्ची सरकते. मग गाडीच्या किल्ल्यांचा आवाज येतो. "निघालो."

मी साडी बदलायला उठते. तो येईपर्यंतच्या या वीस मिनिटांत, एक निरी घालून, एक ओळ खरडून, हे कागदावर उतरवते आहे. शरू पलंगावर उठून बसलीय, गालावर चादरीच्या घड्या.

"मम्मी, तू झोपेत आईशी बोलत होतीस?"

"कोण म्हणतं?"

"सारखं ताई, ताई करत होतीस. आजीनं सांगितलंय, आज ती जेवायला येते."

मी पिना शोधत राहते. बाळ उठू नये म्हणून ती रांगत माझ्याजवळ येते आणि अगदी कानाशी विचारते,

"तिनं माझं काही विचारलं का गं?"