आईचा घण

आमच्यात घण बाई मारते. लोहाराच्या घरात याचं कुणाला नवल नाही. वडील सांडशीनं तापलेलं लोखंड ऐरणीवर धरायचे, दुसऱ्या हातातल्या हातोडीनं हळूच टोला मारून जागा दाखवायचे, आणि नेमक्या त्या जागी आईचा घण पडायचा. तोंडानं बोलायचं काही नाही. हातोडी आडवी टेकवली की थांबायचं. दोघांचं भांडण झालं असेल त्या दिवशी विळे जास्त चांगले होतात, असं गिऱ्हाइकं चेष्टेनं म्हणायची.

मी सांगलीत चित्रकलेचा डिप्लोमा केला. वडील गेले आणि मी उंब्रजला परत आलो. विळ्या-खुरप्यांना आता कोण विचारतंय? मी बंगल्यांची गेटं, जिन्यांचे कठडे करायला घेतले. कागदावर काढलेला वेल लोखंडात उतरवायचा. आता सांडशी माझ्या हातात होती आणि समोर घण घेऊन आई.

पाचगणीच्या एका बंगल्याच्या कठड्यासाठी मी द्राक्षवेल काढला, तेव्हा तिनं कागद हातात घेऊन बघितला.

"ह्ये काय रं? भोपळ्याचा वेल हाय व्हय?"

"द्राक्षाचा हाय, आये."

"मग पान लय जाड काडलंयस. त्येची कड पातळ आसती."

डिप्लोमा मी केलेला, आणि मला शिकवणार ही! मी चिडलो. पण पान तापवून धरलं, तर तिनं जड घण असा हलका टेकवत नेला की कड पुरीसारखी पातळ झाली आणि जराशी मुरडलीसुद्धा. मला ते आजही जमत नाही. त्या कठड्यावर सत्तर-ऐंशी पानं होती. सगळ्या कडा तिच्या.

कठडा बसवायला टेम्पोतून आम्ही दोघंही गेलो. बंगल्याचं डिझाईन करणारे साहेब आले होते. त्यांनी एका पानावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही कड कशी काढलीत? एकट्यानं केलंत सगळं?"

मी म्हणालो, "हो. म्हणजे एक हेल्पर आहे."

आई दोन पायऱ्या खाली कठडा धरून उभी होती.

खरं सांगतो, मला लाज वाटली. शिकलेला माणूस म्हाताऱ्या आईला घण मारायला लावतो, असं त्यांना वाटेल म्हणून. आणि कौतुक एकट्याला मिळावं, हेही मनात होतंच, खोटं कशाला बोलू? साहेबांनी तिच्याकडं वळून विचारलं, "आजी, तुम्ही कोण?"

"मी व्हय? मी डबा घिऊन आलेय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती भट्टीवर वेळेवर आली. पण प्रत्येक घावानंतर थांबून विचारायची, "मालक, आजून मारू का?" पहिल्यांदा मी हसलो. आठवडाभर तेच चाललं तेव्हा हसू बंद झालं. माफी मागायची सोडून मी काय केलं? विजेवर आपोआप घाव घालणारा पॉवर हॅमर आणला. "आये, आता तू इश्रांती घे," म्हणालो. तिनं घण कोपऱ्यात उभा केला आणि त्यानंतर वर्षभर भट्टीकडं फिरकली नाही. यंत्र सुरू असलं की घरात दार लावून बसायची.

मागच्या उन्हाळ्यात कराडचं एक गेट संध्याकाळपर्यंत पोचवायचं होतं आणि वीज गेली ती गेलीच. मी डोक्याला हात लावून बसलो होतो. आई आली, पदर खोचला, घण उचलला.

"धर लोखंड."

मला इतका आनंद झाला की वर्षभराचा मोडलेला सराव, तिचं वय, काही म्हणजे काही सुचलं नाही. मी टोला मारत होतो, ती घाव घालत होती. एकदाही मालक म्हणाली नाही. गेटाचं शेवटचं फूल राहिलं होतं, तेवढ्यात घण तिच्या हातातून सुटला आणि खांदा धरून ती मटकन खाली बसली.

कराडच्या डॉक्टरांनी हात उचलून दाखवायला सांगितलं. तो छातीच्या वर जाईना.

"काय काम करता, आजी?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "काय न्हाई. घरीच आस्ती."

मला राहवलं नाही. म्हणालो, "घण मारते. माझी आई लोहार आहे. माझ्या कामातलं चांगलं ते सगळं हिच्या हातचं आहे."

डॉक्टर मला ओरडले. या वयात आईला असलं काम करायला लावता? ती लगेच मध्ये पडली, "त्येनं न्हाई लावलं, साहेब. मीच हेकट." मग त्यांनी सांगितलं, आतला स्नायू तुटलाय. हात आता खांद्याच्या वर जायचा नाही. घण तर विसराच.

परतताना रिक्षात मी तिचा दुखरा हात मांडीवर घेऊन बसलो होतो. ती म्हणाली,

"सांगायचंच हुतं तर पाचगणीत सांगायचं हुतंस, लेका. तवा मी लोहार हुते."