साडूंचा टब

बीड जिल्ह्यात माणसं जमीन पारखतात, जावई पारखतात, फार तर बैलजोडी पारखतात. पण अंघोळीच्या टबाचा आकार ठरवायला अकरा महिने लावणारा माणूस एकच निपजला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. तेही कधी, तर पालीच्या धरणात गुरं चरत होती आणि नळाला पंधरा दिवसांतून तासभर पाणी यायचं तेव्हा! आक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, कपाळावर हात मारायच्या. "घरात तांब्याभर पाणी न्हाई अन् ह्यांला डुंबायचंय!" साडूंचं उत्तर ठरलेलं असे. "जन्म गेला एका बादलीत. एकदा, फकस्त एकदा, गळ्यापातूर पाण्यात आडवं पडायचंय. मग मेलो तरी चालंल."

पाटोद्याच्या सहकारी दूध संस्थेत तीस वर्षं दूध मोजल्यामुळे कुठलंही भांडं दिसलं की त्यात पट्टी बुडवून ते किती बोटं भरलंय हे पाहिल्याशिवाय या गृहस्थांना चैन पडत नसे. माझ्या घरच्या चहाचीही त्यातून सुटका नव्हती. टबाच्या बाबतीत तर त्यांनी कहर केला. चौकोनी टब त्यांनी बघताक्षणी बाद केला. "कोपऱ्यात दूध नासतं," म्हणाले. "अहो, टबात दूध कुठलं?" मी विचारलं. "दूध नसंल, पण कोपरा तर हाय ना!" बीडच्या दुकानात ते टोपीसकट एकेका टबात आडवे होऊन पाहायचे. कमीत कमी पाण्यात जास्तीत जास्त माणूस कशात बुडतो, हा त्यांचा खरा प्रश्न. चाचा दुकानदार पाणी ओतू देईना, म्हणून तिसऱ्या खेपेला यांनी रिक्षातून ज्वारीची दोन पोती नेली. स्वतः टबात निजले आणि मला, शाळेतल्या गुरुजीला, वरून ज्वारी ओतायला लावली! लांबड्या टबात ती पोटापर्यंतच आली, पायाकडे निमुळत्या अंडाकृती टबात मात्र थेट छातीवर चढली. चाचा डोक्याला हात लावून म्हणाले, "गुरुजी, इन्हे नहाना है के बोना है?"

अंडाकृती टब घरी आला. आता तो भरायचा कसा? साडूंनी स्वतःची अंघोळ दोन तांब्यांवर आणली आणि वाचलेलं पाणी रोज टबात ओतू लागले. संध्याकाळी पट्टी बुडवायची आणि बोटं जाहीर करायची, असा महिनाभर नेम चालला.

त्याच दिवसांत माझी लेक बाळंतपणाला माहेरी आली. दवाखान्यातून नात घेऊन घरी आलो, तर टँकर बंद पडलेला. बाळंतिणीला न्हायला पाणी नाही, बाळाचे कपडे धुवायला नाही. व्याह्यांचा फोन आला, "पाणी नसंल तर लेकराला अन् सुनंला पुण्याला न्हेतो." पहिलं बाळंतपण, आणि चौथ्या दिवशी लेक माहेराहून जाणार! माझी बायको पदरात तोंड खुपसून रडायला लागली. मी रिकामी घागर घेऊन साडूंकडे गेलो.

साडू खांद्यावर टॉवेल टाकून, अंगाला तेल चोपडून उभे होते. टब त्या दिवशी काठोकाठ भरला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "एका घागरीनं काय व्हतंय गुरुजी? दोन आणा."

बारशापर्यंत रोज दोन घागरी नेल्या. दर वेळी साडू पट्टी बुडवून सांगायचे, "घ्या अजून, लई हाय." बारशाच्या सकाळी तळाशी दोन बोटं पाणी उरलं होतं. आक्कांनी ते गाळून, कोमट करून परत टबात ओतलं, आणि साडूंनी आपल्या हाताने माझ्या नातीला त्यात न्हाऊ घातलं. त्या टबातली ती पहिली अंघोळ.

आता नात शाळेत जाते. यंदा धरण भरलंय, नळाला रोज पाणी आहे. परवा मी स्वतः टब भरायला घेतला. म्हटलं, साडूभाऊ, आज तुम्ही पडायचंच. ते काठीच्या आधाराने आले. पट्टी बुडवली.

"आठ बोटं झालं. नळ बंद करा गुरुजी."

"अहो, गळ्यापर्यंत यायचंय ना?"

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "गल्लीत कुणाची तरी लेक माहेरी आली आसंल."