गोधडीचा पत्ता

काचबिंदूनं माझी नजर नेली, पण पत्ते लिहिण्याची ऐट काही नेली नाही. नोकरीभर मी स्टील प्लांटच्या डिस्पॅच विभागात क्लार्क होतो. कुठला माल कुठल्या स्टेशनला जायचा, ते माझ्या हातचं. म्हणून जपानमधल्या लेकीला बाळ झालं आणि बायकोनं त्याच्यासाठी गोधडी शिवली, तेव्हा ती पाठवायचं काम मी अंगावर घेतलं. नाव ठेवायच्या दिवशी बाळ त्याच गोधडीत असावं, हा बायकोचा हट्ट होता.

"आवो, बाजूच्या पोरीले बोलावू का? थे फॉर्म भरून देईन पटकन," ती म्हणाली.

"काही गरज नाही. मले येते सगळं. तू गोधडी बांध."

आमच्या भिलाईतल्या रिसालीच्या घरात मी फोन घेऊन बसलो. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते माझा फोन बोलून दाखवतो. लेकीचा पत्ता मी पाठच केला होता. आधी पिनकोड, मग प्रांत, शहर, वस्ती आणि शेवटी तीन आकडे. रस्त्याला नावच नाही. मला तर तो पत्ता फार आवडला. जन्मभर सेक्टर, स्ट्रीट नंबर, क्वार्टर नंबर लिहिणाऱ्या भिलाईच्या माणसाला त्यात काय अवघड?

कूरियरचा ऑनलाइन फॉर्म मात्र भलताच होता. मी पिनकोडपासून सुरुवात करू पाहत होतो, त्याला बहुधा आधी घर हवं होतं आणि मग रस्त्याचं नाव. की दुसरंच काही? कोण जाणे. कुठल्याही रकान्यावर बोट ठेवलं की फोन म्हणे, "एडिट बॉक्स." पुढचा? "एडिट बॉक्स." बारशाला सगळ्या पोरांचं एकच नाव ठेवावं तसा प्रकार. पुढे जायचं बटण दाबलं तर "माहिती अपूर्ण आहे." कुठे अपूर्ण, ते सांगायला तोंड नाही. तीनदा भरलं, तीनदा तेच. माझा संताप संताप झाला.

तेवढ्यात फोननं विचारलं, "साठवलेला पत्ता भरायचा?" लेक मागे आली होती तेव्हा तिनं आपला पत्ता या फोनमध्ये टाकून दिला होता. मला वाटलं, तोच विचारतोय. हो म्हटलं. सगळे रकाने एका दमात भरले आणि बुकिंग झालं! जपानच्या मानानं खर्च फारच कमी आला, तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती. उलट मी बायकोला ऐकवलं, "पाह्यलं? डिस्पॅचचा माणूस हाये मी." संध्याकाळी कूरियरवाला गठ्ठा घेऊन गेला.

पाचव्या-सहाव्या दिवशी बेल वाजली. पार्सल होतं. "पोरीनं काही धाडलं वाटते!" म्हणत बायकोनं कात्री घेतली. चिकटपट्टी फाटल्याचा आवाज आला आणि मग कात्री खाली ठेवल्याचा.

"काय हाये?" मी विचारलं. मी हात पुढे केला तर बोटांना धावदोऱ्याचे टाके लागले, एकाजवळ एक, ओळीनं. एका कोपऱ्यात माझ्या जुन्या सदऱ्याचा तुकडा होता, शिवलेल्या खिशासकट.

फोननं रिसालीचाच पत्ता भरला होता. पाठवणारा मी, घेणाराही मीच. एवढं मला समजलं. पण त्या बिननावाच्या रकान्यांत मी नेमकं कुठे चुकलो, ते अजून समजलेलं नाही. शरम मात्र वाटली, भयंकर वाटली. नाव ठेवायला दोन दिवस उरले होते.

बायकोनं गोधडी माझ्या मांडीवर ठेवली, इतक्यात लेकीचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर घेतला.

"आई, गोधडी कहाँ तक पहुँची गं? इथं सगळे विचारून राहिले."

मी तोंड उघडणार, तोच बायकोनं माझा गुडघा दाबला.

"कायची पोहोचते माय," ती म्हणाली, "अजून शिवूनच नाही झाली. माझेच हात दुखून राहिले."