अर्धी मिशी

महालिंगची अर्धी मिशी गेली ती झोपेपायी. दाढी करवून घेताना खुर्चीतच डुलकी लागली, मान कलंडली आणि वस्तऱ्यानं उजवी बाजू साफ केली. उरलेली काढायलाही त्याला सवड सापडेना. गल्लीला आयती करमणूक मिळाली. शेजारची चिमणाबाई तर दारात उभी राहून विचारायची, "अण्णा, ऱ्हायल्याली दिवाळीला काढायची व्हय?"

हसणाऱ्यांत एकालाही वाटलं नाही, की हा माणूस झोपतो कधी ते विचारावं. कंपनीच्या कामगारांची बस त्याच्याकडं. रात्रपाळी घरी सोडायची, तीच बस फिरवून सकाळपाळी न्यायची.

त्या दिवशीही सकाळपाळी सोडून तो खांबाला टेकला होता. समोर ठेकेदाराचा मुकादम उदयसिंह.

"दुपारची गाडी पण नेशील न्हवं?"

महालिंगची मान पुढं झुकली.

"व्हय म्हणाला बघा!" उदयसिंहनं चावी त्याच्या मुठीत कोंबली आणि तो गेलासुद्धा. मान झुकली होती झोपेनं. पण ते सांगायला आधी जाग तर यायला हवी!

भर दुपारी बस कागल एमआयडीसीकडं निघाली. त्याच्या मागच्याच बाकावर सून पवित्रा, तिथंच कामाला. महालिंगनं मांडीला चिमटे काढले, डोक्यावर पाणी ओतलं. उजळाईवाडीचा पूल दिसला. मग काहीच दिसलं नाही.

"मामंजी!"

डोळे उघडले तेव्हा चाक दुभाजकाला घासत होतं. त्यानं कशीबशी बस कडेला घेतली आणि चावी सुनेच्या हातात टाकली. "माझ्यानं व्हणार न्हाय, पोरी. समद्यांस्नी मारीन मी."

मागून ओरडा झाला, "मामा, चला की! लेट लागला की अर्धा दिवस कापत्यात!" ज्यांचा जीव थोडक्यात वाचला, तेच त्याला परत स्टिअरिंगकडं ढकलत होते.

फोनवर उदयसिंह कडाडला, "तूच मान हलवलीस की रं!"

"ती झोपंत हालली, सायब."

"मग आता जागेपणी हलव. गाडी काढतोस, का कायमचा घरी झोपतोस?"

"न्हाय काढत."

झालं, नोकरी गेली. महालिंग बसमधून खाली उतरला. थोड्या वेळानं मोटरसायकलवरून बदली ड्रायव्हर सम्राट आला. डोळे लालबुंद, जांभईनं जबडा निखळायचा बाकी.

"झोप झाली का रं?"

"तुमच्या मिशीएवढी, अण्णा. अर्धी!"

सगळी बस खो खो हसली. महालिंग मात्र सुनेकडं वळला. "पवित्रा, उतर खाली."

"दोघांची बी नोकरी घालवायची, मामंजी?" तिनं मान खाली घालून चावी सम्राटला दिली.

मग महालिंगही परत चढला, आता बिनपगारी. सम्राटच्या शेजारी बसून बडबडू लागला. "गाव कुठलं तुझं? पोरं काय करत्यात? बोल की, गप बसू नगंस!" बोलता बोलता त्याचीच जीभ जड व्हायला लागली.

"पोरी, मी गप झालो की चिमटा काढ. जोरात काढ."

पाया पडण्यापलीकडं सासऱ्याला कधी हात न लावलेल्या पवित्रानं मागून त्याचा दंड घट्ट धरला आणि नखं रोवली.