ठकुबाईचा पहिला सवाल

आमच्या शेलार गावची ठकुबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात ती गाणी गाऊन एकेका देवाला मांडवात बोलावायची, आणि देव आल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. एरवी भिवंडीच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणारी ही बाई त्या दिवशी कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. मिश्री घासत घासत वरमाईचीही खरडपट्टी काढायची.

१९८३ साली माझ्या आतेचं, पार्वतीचं लग्न निघालं. मी नऊ वर्षांची. ऐन हळदीच्या सकाळी आतेची सोन्याची पुतळ्यांची माळ सापडेना. घरात शंभर पाहुणे होते, पण सगळ्यांच्या माना वळल्या त्या अंगणात चुलीपाशी लाकडं लावणाऱ्या कमळकडे. कमळ कातकरीण. डोंगरातून मोळ्या आणायची आणि मांडवाबाहेर बसून जेवायची.

"तू कुनाला बगलंस गो खोलीत जाताना?" बाबांनी मला विचारलं.

मी कुणालाच पाहिलं नव्हतं. पण सगळे तिच्याकडे बघत होते, म्हणून मीही तिच्याकडेच बोट केलं. मोठ्यांना हवं ते उत्तर आपल्याला आलं, याचा मला आनंदच झाला. आज लिहितानाही त्या आनंदाची लाज वाटते.

कमळला मांडवाच्या खांबाला बांधलं. हळद उरकली की पोलिसांकडे न्यायचं ठरलं. तेवढ्यात ठकुबाई आली, तांदळाच्या पिठाने काढलेल्या चौकापुढे बसली, पण गाणं काही सुरू करेना.

"सुरू कर ना," बाबा म्हणाले.

"खांबाला मानूस बांधलाय. या मांडवात मी देव कशी बोलवू?"

"माज्या पोरीनं डोल्यांनी बगलंय."

"शंभर मानसं हाईत घरात. कुनाकुनाची झरती घेतलीस, तुळशीराम? पैली गाठ हिलाच का? सोर तिला. न्हायतर मी तोंड उघडनार न्हाय."

बाबा ओरडले. दुसरी धवलारीण आणण्याची धमकी दिली. "आन की," म्हणून ती पाय पसरून बसली. उन्हं कलली. वाटलेली हळद सुकू लागली. नवऱ्याकडची माणसं कुजबुजायला लागली तेव्हा कुठे बाबांनी दोर सोडला. कमळ मनगटं चोळत, न जेवता निघून गेली. ठकुबाईने खाकरून गळा साफ केला आणि गायला लागली.

माळ दुसऱ्या दिवशी तांदळाच्या कणगीत सापडली. हळदीचे हात लागू नयेत म्हणून माझ्या आईनेच ती तांदळात खुपसली होती आणि धांदलीत विसरली होती. काय हसले सगळे! "वहिनी सोन्याचा भात घालनार व्हती!" आईचा तो विसर, कमळची मात्र चोरी. कमळच्या झोपडीकडे कुणी फिरकलं नाही. मीही नाही.

बाबांनी सांगून ठेवल्यामुळे पुढची चार वर्षं आमच्या भावकीत ठकुबाईला कुणी बोलावलं नाही. तिने भाजी विकली, लोकांचं भात कांडलं, पण माफी मागितली नाही. जिथे बोलावलं तिथे मात्र गाण्याआधी एक सवाल टाकायची, "मांडवात कुनाला बांधलंय का?" लोक आधी चिडले, मग हसले, आणि शेवटी "न्हाय गो बाय" असं उत्तर द्यायची रीतच पडली.

१९९५मध्ये माझं लग्न. मी पाटावर बसले, समोर ठकुबाई, केस पिकलेले. "मांडवात कुनाला बांधलंय का?"

"न्हाय गो बाय," बायका म्हणाल्या.

मी मात्र सगळ्यांसमोर एकदम बोलले, "आजे, तवा मी कमळला बगलंच नव्हतं. खोटं बोलले."

बाबांनी मान खाली घातली. ठकुबाईला मात्र काहीच नवल वाटलं नाही.

"मला कशाला सांगतेस? बांधलेली मी व्हते का? ती बग, चुलीपाशी हाय."

पाटावर बसलेली नवरी हळद लागेपर्यंत उठत नाही. आई "बस, बस" करत हात ओढू लागली. मी उठले, मांडवाबाहेर गेले. कमळ अजूनही तिथेच लाकडं लावत होती. माझं सांगून झाल्यावर तिने धुराने चुरचुरणारे डोळे पदराने पुसले.

"ठावं व्हतं मला," ती म्हणाली. "बोट माज्याकरं केलंस, पन बगत व्हतीस बापाकरं."

मी तिचा हात धरला आणि तिला मांडवात नेलं. ती चौकाशेजारी बसेपर्यंत ठकुबाईने गाणं सुरू केलं नाही.