चांगल्या माणसाला काय हवं असतं

जो कधी खोटं बोलत नाही, कुणाचं वाईट चिंतत नाही, अशा माणसासोबत तुम्ही एक पुस्तकभर राहाल का?

मी राहीन, असं मला ठाम वाटायचं. वडील भोरहून सभांची पत्रकं आणायचे. त्यांवरच मी वाचायला शिकले. पत्रकातला चांगला माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत चांगलाच असतो. गणपतीतल्या नाटकासाठी मी तसाच नायक लिहिला.

गडाच्या पायथ्याच्या आमच्या पाली गावात तालीम सुरू झाली. नायक होता माझा चुलतभाऊ, गडावर येणाऱ्यांची टेम्पोतून ने-आण करणारा. पहिल्याच प्रवेशात तो खाली बसला.

“तायडे, ह्याला काय पायजेल ते तरी सांग. नुसता भाषण ठोकतोय.”

“बाटली द्या त्याला,” मागून कुणीतरी म्हणालं. “लगीच माणसात येतोय का न्हाई बघा.”

सगळे हसले. मी भडकले. “चांगुलपणाला डाग लावला तरच तो खरा, हे कुणी ठरवलं? बाटली मिळणार नाही!”

“मंग नायक बी मिळणार न्हाई,” म्हणत चुलतभाऊ निघून गेला. एवढं पाठ करणारं दुसरं कुणी नव्हतं. नाटक बुडालं होतं.

दुसऱ्या दिवशी भाताच्या लावणीला गेले. आमच्याकडे सावड असते: सगळ्यांनी मिळून आज एकीचं शेत लावायचं, उद्या दुसरीचं. त्या दिवशी पाळी माझ्या चुलतीची, म्हणजे त्याच्या आईची होती. शेजारणीचं रोप पिवळं पडायला लागलेलं पाहून तिनं आपली पाळी तिला देऊन टाकली होती.

गडावरून धुकं उतरलं. बांध विरघळले. खाचरातल्या पाण्यात आभाळ होतं, आणि बायका जणू आभाळातच रोपं खोचत मागं मागं सरकत होत्या. कंबर सरळ करायला उठली की चुलती धुक्यातून पलीकडं बघायची. तिथं तिचं शेत होतं, दिसत मात्र नव्हतं.

“काकी, काय बघताय?”

“काय न्हाई गं. माजं रोप बी वाट बघत आसंल.”

पुन्हा वाकली. हात थांबले नाहीत.

संध्याकाळी मी नायकाचं भाषण कापलं. तिथं लिहिलं: तो आपली पाळी देतो आणि जाताना एकदा मागं बघतो. दोष एकही घातला नाही.

चुलतभावानं कागद वाचला. उठून उभा राहिला. मग म्हणाला, “मागं किती वेळ बघायचं?”

एखादं निर्दोष पात्र खोटं म्हणून पुस्तक मिटण्याआधी, ते काय सोडून निघालंय तेवढं शोधा. आणि तुमच्या घरात ‘ती चांगलीच आहे’ म्हणून जिला कुणी काही विचारत नाही, तिला आज विचारा: तुला काय हवं होतं?